जोंधळा आणि दुष्काळ

भीमा, सीना, माण आणि डोणी या नद्यांच्या काठचा मुलूख आज दोन राज्यांत वाटला गेला आहे. सोलापूर, मंगळवेढे, सांगोले, जत ही गावे महाराष्ट्रात आली; विजापूर, इंडी, अथणी, कलबुर्गी ही कर्नाटकात राहिली. ही सरहद्द कोठून जाते हे सांगावयाला नकाशा लागतो. परंतु पावसाने आखलेली दुसरी एक सरहद्द आहे, ती पाहावयाला नकाशाची गरज नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच ढग घाट उतरून आमच्याकडे येईपर्यंत रिते होतात आणि या पट्ट्याच्या वाट्याला साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर उरतात. तेही सरासरीने. सरासरी हा शब्द शहाण्या माणसाने जपूनच वापरावा. एका वर्षी आठशे आणि दुसऱ्या वर्षी तीनशे पडला तरी सरासरी साडेपाचशेच निघते, पण दुसऱ्या वर्षी चूल पेटत नाही.

आम्ही शेतकरी नव्हे. शाळेत भूगोल व सामान्य विज्ञान शिकविणे हा आमचा पेशा. परंतु या भागात भूगोल शिकविणाऱ्याला जोंधळ्याचा विषय टाळता येत नाही, आणि तो निघाला की मुलांच्या मनातला एक समजही बाहेर येतो. जोंधळा हे गरिबाचे धान्य आहे, ज्याला पाणी मिळाले नाही त्याने नाइलाजाने पेरावयाचे पीक आहे, असा तो समज. डब्यात भाकरी असेल तर ती झाकून खाणारी मुले आम्ही पाहतो. समज घरातून येतो, म्हणून त्याबद्दल मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा हे धान्य इतक्या थोड्या पाण्यावर उभे राहते तरी कसे, माणसाने त्याला कोणती मदत केली आणि त्याची ताकद कोठे संपते, हे नीट समजून घ्यावे हे बरे.

प्रथम जमिनीकडे पाहू. आमच्याकडचा पाऊस विचित्र आहे. जून-जुलैत तो तुटक पडतो, ऑगस्टात पुष्कळदा दडी मारतो आणि सप्टेंबरात परतीच्या वाटेवर बरसतो. खोल काळी जमीन ओली असता चिकट होते, तीत औत घालता येत नाही. कोरडी असता दगडासारखी होते. म्हणून येथील शेतकऱ्याने शेकडो वर्षांपूर्वीच निर्णय घेऊन टाकला, की पावसाळ्यात रान मोकळे ठेवावयाचे, पाणी जमिनीत जिरवावयाचे आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, रब्बीचा शाळू पेरावयाचा. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरून ठेवू शकते. हातभर खोलीच्या हलक्या रानात त्याच्या निम्मेही मावत नाही. पेरणी झाल्यावर पाऊस बहुधा येतच नाही. तेथून माघ-फाल्गुनापर्यंत, चार साडेचार महिने, पिकाने पेढीतील शिल्लक काढून खावयाची असते आणि नवी भर पडावयाची नसते. शिल्लक किती जमली, वाटेत किती गळाली आणि पीक किती काटकसरीने खर्च करते, यावर त्या घरची वर्षाची भाकरी ठरते.

काटकसरीचे काम जोंधळ्याचे आहे, आणि ते तो अजब रीतीने करतो. उभ्या ताटावर व पानाच्या बुडाशी बोट फिरवले तर पांढरी भुकटी बोटाला लागते. ते एक प्रकारचे मेण आहे. त्याच्यामुळे ऊन परावर्तित होते आणि पानाच्या कातडीतून पाणी उडून जात नाही. दुपारी ओल कमी पडू लागली की पाने आतल्या बाजूस गुंडाळली जातात. उन्हाला लागणारा पृष्ठभाग कमी होतो आणि सायंकाळी ती पुन्हा उलगडतात. मुळे दीड मीटर किंवा त्याहून खोल जातात, व वरचा थर वाळत जातो तसतशी खालच्या थरातील ओल शोधीत राहतात. सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, पीक लहान असता पाण्याचा फारच ताण पडला तर ते वाढ थांबवून जणू झोपून राहते. मक्याचे पीक अशा वेळी हातचे जाते. जोंधळा मात्र ओल मिळताच पुन्हा वाढीला लागतो. (येथेच एक सावधगिरीची सूचना. अशा ताणात खुरटलेल्या कोवळ्या ताटांत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य साचते; ती खाल्ली तर जनावर काही मिनिटांत दगावू शकते. जाणती माणसे अशा रानात गुरे सोडीत नाहीत, पण शहरात राहून हौसेने गाय पाळणाऱ्यांना हे ठाऊक असतेच असे नाही.)

याखेरीज त्याच्या पानाच्या आतली एक व्यवस्था आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. कोणत्याही झाडाला अन्न बनविण्यासाठी हवेतील कर्बवायू लागतो व तो घेण्यासाठी पानावरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात. रंध्र उघडले की वायू आत येतो, पण त्याच वाटेने आतले पाणी बाहेर जाते. जेवावयाचे तर दार उघडले पाहिजे, आणि दार उघडले की घर लुटले जाते, असा हा पेच. गहू आणि भात यांना तो सुटलेला नाही. जोंधळा, बाजरी, मका यांच्या पानात मात्र कर्बवायू प्रथम चार कर्बाणूंच्या एका संयुगात पकडून, एका विशेष पेशीत नेऊन, तेथे दाटीने साठविला जातो. त्यामुळे रंध्रे थोडीच उघडी ठेवूनही पुरेसे अन्न तयार होते आणि तेवढ्याच पाण्यात अधिक वाढ होते. ही क्रिया हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात १९६६ साली उलगडून दाखविली, ती उसाच्या पानांवर. होय, ऊसही याच काटकसरी जातीचा आहे! परंतु तो वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो आणि अफाट पाला-कांडी वाढवितो, म्हणून त्याला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागते. नुसती काटकसरी वृत्ती असून भागत नाही, संसारही आटोपशीर असावा लागतो.

बाजरीचा संसार आणखी आटोपशीर. ती पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत हाती येते, हलक्या मुरमाड रानात येते, आणि तिचे फुटवे एकाच वेळी निसवत नाहीत; पहिली कणसे उघडिपीत सापडून वाया गेली तर मागाहून पाऊस आल्यावर दुसरी भरतात. चारशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात तिच्यासारखे धान्य नाही. या दोन्ही धान्यांचे माहेर आफ्रिका आहे; जोंधळ्याचे सुदानच्या बाजूचे, बाजरीचे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्याचे. तेथून ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात आली. आज आमच्या ओव्या आणि सण त्यांच्याशिवाय पुरे होत नाहीत, पण एके काळी तीही परदेशी पाहुणीच होती.

आता गळतीविषयी. पेढीतील शिल्लक तीन वाटांनी गळते. तण पाणी पितात, पृष्ठभागावरून वाफ होते आणि काळी जमीन वाळताना तिला ज्या हात-हात खोल भेगा पडतात त्यांतून खालच्या थराची ओल उडते. या तिन्हींवर आमच्या शेतकऱ्याचे एकच हत्यार आहे, ते म्हणजे कोळपे. दोन ओळींतून कोळपे फिरले की तण मरते, भेगा मातीने बुजतात आणि वर दोन-तीन बोटे भुसभुशीत मातीचे आच्छादन तयार होते. म्हणूनच जुने लोक कोळपणीला पाण्याच्या पाळीच्या बरोबरीने लेखतात. वर्गात हे सहज पडताळता येते. काळ्या मातीच्या दोन सारख्या कुंड्या घ्याव्यात, दोहोंत सारखेच पाणी घालावे, वाफसा आल्यावर एकीचा वरचा थर खुरप्याने मोकळा करावा, दुसरी तशीच ठेवावी आणि रोज दोन्ही तराजूत घालाव्यात. पुस्तकातील बाष्पीभवनाचा धडा मुले विसरतात. तराजूचा काटा विसरत नाहीत.

शास्त्रीय रीतीने या विषयाचा अभ्यास मुंबई इलाख्यात पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली सुरू झाला. पुढे १९३३ च्या सुमारास सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे निघाली. मद्रास इलाख्यात हगरी, निजामाच्या राज्यात रायचूर आणि पंजाबात रोहतक येथेही तेच काम चालले. एन. व्ही. कानिटकर यांनी या कामातून निघालेले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांतील बरेचसे निष्कर्ष असे की ऐकताना कोणाला वाटावे, यात नवे ते काय? रानाला बांध घाला, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या द्या, ओळींतील अंतर वाढवा, बियाणे कमी पेरा, वरचेवर कोळपा. पण कमी बियाणे पेरावे हे पटावयाला कठीणच होते. ताटे दाट तर कणसे जास्त, असा साधा हिशोब माणूस करतो. परंतु शिल्लक ठरलेली असताना खाणारी तोंडे वाढविली तर कणीस भरण्याच्या वेळी कोणालाच पुरत नाही. आज शिफारस अशी आहे की दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर असावे, आणि हेक्टरी दहा किलो बियाणे पुरे. त्याचबरोबर जुलैतच रानात दहा मीटर लांब-रुंद असे सारे पाडून ठेवावेत, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस वाहून न जाता पडेल तेथेच मुरतो.

बियाण्याची कथाही याच मुलखातली आहे. मालदांडी ही सोलापूरकडची जुनी देशी ज्वारी. मोहोळ येथील सरकारी केंद्रावर १९३० च्या दशकात तिच्यातून निवड करून जो वाण काढला तो मालदांडी ३५-१. कोठल्याही परदेशी रक्ताचा संकर त्यात नव्हता, केवळ चांगली कणसे पाहून, पुन्हा पुन्हा पेरून केलेली निवड. टपोरा, मोत्यासारखा पांढरा दाणा, गोडसर भाकरी आणि गुरांना आवडणारा कडबा, या तीन गुणांवर तो जवळजवळ नव्वद वर्षे टिकून आहे. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सी. एस. एच. १, प्रसारात आला. खरिपात त्याने व त्याच्या मागून आलेल्यांनी उत्पादन खूप वाढविले. रब्बीत मात्र मालदांडीला कोणी हलवू शकले नाही. त्याची कारणे आमच्या मते समजण्याजोगी आहेत. संकरित ताट बुटके, म्हणून कडबा कमी. आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी कडबा हा दाण्याच्या मागून येणारा भुसा नसून दावणीच्या बैलाचा वर्षाचा शिधा असतो. दुसरे असे की, खरिपाचे संकरित पीक पक्व होण्याच्या वेळी पाऊस आला की दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडतो, आणि काळा दाणा बाजारात पडेल त्या भावाने जातो. शाळू उघड्या आभाळाखाली, थंडीत पिकतो. म्हणून तो पांढरा राहतो. किमान आधारभूत किंमत जाहीर करताना सरकारही संकरित ज्वारीचा व मालदांडीचा भाव वेगवेगळा सांगते. २०२४-२५ साठी तो क्विंटलला अनुक्रमे ३३७१ व ३४२१ रुपये होता.

मालदांडीही सर्व रानांत सारखी येत नाही. तिला खोल किंवा निदान मध्यम जमीन हवी. हलक्या रानात ओल लवकर संपते, तेथे लवकर तयार होणारे वाण पाहिजेत. त्यासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले अनुराधा व फुले माउली हे वाण दिले, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा दिला. जमिनीची खोली पाहून बियाणे निवडावयाचे, हा यातला मुद्दा. बियाण्याच्या दुकानात जाण्यापूर्वी रानात एक खड्डा खणून मुरूम किती खाली लागतो ते पाहणे, हे अनेकांना अजून सुचत नाही.

येथे जोंधळ्याच्या ताकदीची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण दुष्काळ सोसणारे पीक म्हणजे पाण्यावाचून येणारे पीक, असा चुकीचा अर्थ पुष्कळ लोक घेतात. शाळूचा खरा कसोटीचा काळ पोटरीपासून दाणे भरेपर्यंतचा. नेमक्या त्याच वेळी जमिनीतील शिल्लक तळाला गेलेली असते. ताण असह्य झाला की खडखड्या नावाचा रोग बुंध्यात शिरतो, ताट आतून पोकळ होते व वाऱ्याच्या झुळकीने आडवे पडते. त्या वेळी विहिरीचे एक पाणी देता आले तर उत्पादनात केवढा तरी फरक पडतो. इथिओपियातील ज्वारीपासून मिळालेला एक गुण असा आहे की त्यामुळे ताणातही पाने व ताट शेवटपर्यंत हिरवे राहते; तो गुण आमच्याकडच्या वाणांत उतरविण्याचे प्रयत्न हैदराबादजवळ पाटणचेरू येथे चालत आले आहेत. तेथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ साली स्थापन झाली आणि तिच्या शीतगृहात निरनिराळ्या देशांतून गोळा केलेल्या ज्वारीचे चाळीस हजारांच्या घरात नमुने जतन केलेले आहेत.

इतके नमुने कशासाठी, असे एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले होते. त्याचे उत्तर बाजरीच्या इतिहासात आहे. १९६५ साली लुधियाना येथे अठवाल यांनी एच. बी. १ हा संकरित वाण काढला. त्याची मादी अमेरिकेतील टिफ्टन येथून आलेली. वाणाने कमाल केली. १९७०-७१ साली देशाचे बाजरीचे उत्पादन ऐंशी लक्ष टनांवर गेले. लगोलग पुढील हंगामात गोसावी रोग पसरला. या रोगात कणसाच्या जागी दाणे न भरता हिरव्या पानांचा जटांसारखा झुपका येतो. गावोगावच्या शेतांत एकच वाण, आणि त्याच्या अंगी या रोगाशी लढण्याची शक्ती नाही, अशी अवस्था झाली. रोगाला एक घर सापडले की सर्वच घरे सापडली. तेव्हा तारले ते देशी बाजरीतून व आफ्रिकेतून शोधून आणलेल्या प्रतिकारक नमुन्यांनी. धान्याच्या जाती टिकविणे हा काही म्हाताऱ्यांचा छंद नव्हे.

आणि सप्टेंबरचा पाऊसच आला नाही तर? तर जोंधळाही काही करू शकत नाही. १८७६ साली तसेच झाले. सोलापूर आणि कलादगी (पुढचा विजापूर) हे जिल्हे होरपळले, आणि रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्याचे मोल ठरविले, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. १८८० च्या दुष्काळ आयोगाने पुढे दुष्काळ संहितेचा पाया घातला खरा; पण माणसे आधीच गेली होती. १९७२ सालची आठवण तर आमच्या वडिलधाऱ्यांच्या तोंडी अजून ताजी आहे. खडी फोडण्याची कामे, मुलांना मिळणारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीविषयी जे बोलतात त्यांच्या तोंडाची चव अजूनही बिघडते. १९७२ च्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यामुळे भूकबळी टळले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पण पाऊस चुकण्याच्या वर्षासाठी या भागाने फार पूर्वीपासून दुसरीही एक तटबंदी उभारली होती, ती म्हणजे पेव. गावच्या पांढरीत किंवा घट्ट मुरमात तोंड अरुंद व पोट मोठे असा खड्डा खणावयाचा, त्याला आतून कडब्याचे व भुसकटाचे अस्तर लावावयाचे, वाळलेली ज्वारी भरावयाची आणि तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकावयाचे. आत दाणे व किडे श्वास घेतात, प्राणवायू संपतो, कर्बवायू साचतो, आणि मग किड्यांचेच मरण ओढवते. ज्वारी अशा पेवात वर्षानुवर्षे राहत असे. कडेच्या दाण्यांना पिवळेपणा व एक उग्र वास येतो, पण तिची भाकरी होते. मात्र पेव उघडले की लगेच आत उतरावयाचे नाही. दिवा सोडून पाहावा. तो विझला तर आत माणसाचाही जीव जाईल असे समजावे. या नियमाकडे दुर्लक्ष केल्याने माणसे गेलेली आहेत.

मंगळवेढे हे ज्वारीचे कोठार म्हणून जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. पंधराव्या शतकात तेथे बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी असलेले दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी केली आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाच्या दरबारी त्या धान्याचे पैसे चुकते केले, ही कथा आमच्याकडे सर्व जातिधर्मांच्या घरांत सांगितली जाते. श्रद्धेची गोष्ट ज्याची त्याने पाहावी. भूगोलाच्या शिक्षकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. कोठारात धान्य होते! चांगल्या वर्षाचा जोंधळा वाईट वर्षासाठी त्याच मुलखात राखून ठेवलेला होता, तो परमुलखातून जहाजाने आणावा लागला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१६ साली. कोठाराची कीर्ती त्याहून पाच शतके जुनी.

हे धान्य पोषणाला कसे, याचे उत्तर देताना हल्ली दोन टोके गाठली जातात. कोणी ते अमृत ठरवितात. सत्य असे की, ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने आहेत, तंतू भरपूर आहेत आणि ती सावकाश पचते. बाजरीत लोह चांगले. २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झालेल्या धनशक्ती या वाणात तर किलोला सुमारे सत्तर मिलिग्रॅम लोह आढळते. परंतु हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी १९६० साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळत होता. उन्हाला लागणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात, बुद्धीला भ्रम येतो. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन हे द्रव्य प्रमाणाबाहेर असल्याने नायसिन या जीवनसत्त्वाचा शरीरातील मेळ बिघडतो, असे त्यांचे म्हणणे होते. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, पालेभाजी असेल तर हे भय राहत नाही. भाकरी, शेंगांची चटणी, हरभऱ्याची भाजी आणि ताक हे जे आमच्याकडचे साधे जेवण, ते या दृष्टीने पाहिले तर जाणत्या वैद्याने मांडून दिल्यासारखे आहे. ज्याच्या ताटात भाकरी आणि मीठच आहे, त्याच्यापुढे मात्र ज्वारीचे गुणगान करू नये.

आजची स्थिती अशी की, १९६० च्या दशकात देशात सुमारे एक कोटी ऐंशी लक्ष हेक्टरांवर ज्वारी होती, ती आता चाळीस लक्ष हेक्टरांच्या आसपास आली आहे. त्याचे सारे खापर शेतकऱ्याच्या लोभावर फोडणे आम्हाला अन्यायाचे वाटते. हेक्टरी दहा क्विंटलच्या आतबाहेर पीक, त्याची राखण करताना पाखरांशी झगडा, आणि भर उन्हात ताट मुळासकट उपटून काढण्याचे काम. त्या कामाने हाताला फोड येतात आणि मजूर मिळत नाहीत. पाटाचे किंवा बोअरचे पाणी आले की तो उसाकडे वळतो, कारण साखर कारखाना ऊस उचलतो. जोंधळा उचलून नेणारे हमखास गिऱ्हाईक त्याला नाही. शिवाय रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ मिळत राहिले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य किलोला एक रुपया, गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये असे दर होते व जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. परंतु प्रत्यक्ष पोत्यात बहुतेक ठिकाणी येतात ते गहू आणि तांदूळच. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा सभा-समारंभ पुष्कळ झाले. त्याहून अधिक काम, आमच्या अल्प मतीने, सोलापूर-विजापूरकडच्या कडक भाकऱ्या थापून विकणाऱ्या बायांनी केले आहे. भाकरी थापावयाला वेळ नाही अशा शहरातल्या घरांत जोंधळा पुन्हा पोचला तो त्यांच्या हातांनी.

बिदरच्या पलीकडे, तेलंगणातील झहीराबाद भागात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने गावोगावच्या दलित स्त्रियांच्या संघांनी १९९० च्या दशकात जे केले तेही पाहण्याजोगे आहे. पडीक पडलेली हलकी रान लहान कर्ज काढून नांगरली, ज्वारी पेरली आणि कर्जाची फेड रुपयांत न करता ज्वारीतच केली. ती ज्वारी गावातच साठविली. पावसाळ्याच्या तोंडी, जेव्हा मजुराचे घर रिकामे असते, तेव्हा ती गावातल्या गरिबातील गरीब घरांना स्वस्त दराने दिली. कोणते घर अधिक गरजू हेही गावाने बसून ठरविले. बियाणेही त्या घरीच राखेत व कडुनिंबाच्या पाल्यात जपतात. पेवाची जुनी कल्पना नव्या रूपात आली, इतकेच.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांची चार-दोन एकर जमीन गावाकडे वाट्याने दिलेली असेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सारे पाडण्याचे काम जुलैत होते, दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर ते आठवून उपयोग नाही. त्याचा खर्च वाटेकऱ्यावर न टाकता मालकाने निम्मा उचलावा, म्हणजे तो मनावर घेतो. आणि घरचे बी वापरणार असाल तर ते कणसे उभी असतानाच, ताटे निरोगी पाहून वेगळे राखावे, व पेरणीपूर्वी किलोला चार ग्रॅम बारीक गंधकाची भुकटी चोळावी. त्याने काणी रोग येत नाही, आणि एकराला चार किलो बियाण्याला गंधक लागते ते अवघे सोळा ग्रॅम.